रुग्णवाहिकेवरील जबाबदारी: ग्रामीण विदर्भातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१०८ च्या गाडीवर नव्याने रुजू होणारे डॉक्टर आणि पायलट (गाडीचे चालक), गावोगावच्या आशाताई, पोलीस पाटील आणि कधी कधी रुग्णांचे नातेवाईक जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे एकत्र केले आहेत. मी स्वतः यवतमाळ जिल्ह्यात या गाडीवर डॉक्टर म्हणून काम केले आहे, त्यामुळे उत्तरांत तिकडचा अनुभव अधिक येईल. पुस्तकांतील बरेच नियम रुग्णालय दहा-पंधरा मिनिटांवर आहे असे गृहीत धरून लिहिलेले असतात. आपल्याकडे रुग्ण तासभर, कधी दोन तास गाडीत असतो, आणि जबाबदारीचा जवळजवळ प्रत्येक प्रश्न या अंतरामुळे वेगळा होऊन बसतो.

१. १०८, १०२ आणि ११२ यांत फरक काय? कोणता नंबर केव्हा लावायचा?

१०८ हा जिवावर बेतलेल्या प्रसंगांसाठी आहे: अपघात, सर्पदंश, विषबाधा, छातीत दुखणे, झटके, अडलेली बाळंतीण. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ गाड्या प्रगत उपचारांच्या आणि ७०४ मूलभूत उपचारांच्या होत्या. १०२ ची गाडी मुख्यतः गरोदर माता, बाळंतिणी आणि आजारी नवजात बालके यांना रुग्णालयात नेण्या-आणण्यासाठी असते. ११२ हा पोलीस, अग्निशमन आणि वैद्यकीय मदत या सर्वांसाठी सामाईक क्रमांक आहे. १०८ आणि १०२ या दोन्ही गाड्यांचे पैसे लागत नाहीत.

फोन करताना गावाच्या नावासोबत तालुका आणि गावाजवळची मोठी खूण अवश्य सांगावी. खैरी, पिंपळगाव, वडगाव या नावांची गावे आपल्याकडे तालुक्यातालुक्यांत आहेत, आणि चुकीच्या खैरीकडे वळलेली गाडी परत यायला लागणारा वेळ कोणत्याही औषधाने भरून निघत नाही.

२. रुग्णाची आमची जबाबदारी नेमकी केव्हा सुरू होते आणि केव्हा संपते?

केस स्वीकारली त्या क्षणी ती सुरू होते, रुग्ण गाडीत चढल्यावर नव्हे. रस्त्यात असतानाच नातेवाइकांना फोन करून रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, अंगावरचे कपडे काढा, अशा सूचना देणे हा त्या जबाबदारीचाच भाग आहे. ती संपते ती रुग्णालयाच्या दारात नव्हे, तर तेथील डॉक्टर किंवा परिचारिका रुग्णाची माहिती ऐकून, वेळ टाकून, सही करून त्याला स्वीकारतात तेव्हा. अपघात विभागात स्ट्रेचर लावून आपण रांगेत उभे आहोत, तोपर्यंत रुग्ण आपलाच आहे.

याबाबत पहिल्याच वर्षी माझ्या हातून चूक झाली. पराटीवर (कपाशीवर) फवारणी करताना विषबाधा झालेला एक तरुण शेतमजूर आम्ही आणला होता. वाटेत मी त्याला ॲट्रोपिनचे, म्हणजे या विषावरच्या औषधाचे, अनेक डोस दिले. रुग्णालयात त्या रात्री गर्दी होती. दुसऱ्या रुग्णाच्या हाताला सुई लावत असलेल्या परिचारिकेला मी चालता चालता “ॲट्रोपिन दिलं आहे” एवढेच सांगितले आणि पुढच्या कॉलला निघालो. किती दिले, शेवटचे केव्हा दिले, हे कोणालाच कळले नाही, आणि तेथे डोस पहिल्यापासून सुरू झाले. तो मुलगा भ्रमिष्ट झाला, सलाइन ओरबाडू लागला, आणि त्याचे दोन भाऊ रात्रभर त्याचे हात धरून बसले. तो वाचला, पण ती रात्र त्याच्यावर माझ्यामुळे आली.

तेव्हापासून मी रुग्णाच्या हातावर पांढऱ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावतो आणि त्यावर मार्करने औषध, मात्रा आणि वेळ लिहितो. खड्ड्यांच्या रस्त्यावर फॉर्मवर अक्षर नीट उमटत नाही, फॉर्म फाइलमध्ये जातो, आणि पट्टी मात्र रुग्णासोबत वॉर्डपर्यंत जाते. फॉर्म भरायचाच आहे. पट्टी त्याच्या बदल्यात नाही.

३. गाडीवर डॉक्टरच हवा, की प्रशिक्षित तंत्रज्ञ पुरेसा आहे?

हा वाद जुना आहे आणि जगभर आहे. फ्रान्स व जर्मनीत डॉक्टर रुग्णापर्यंत जातो. अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पॅरामेडिक जातो. भारतातील अनेक राज्यांनी गाडीवर तंत्रज्ञ आणि फोनवर डॉक्टर अशी रचना स्वीकारली, तर महाराष्ट्राने गाडीतच डॉक्टर ठेवला. त्यांत बीएएमएस (आयुर्वेदाचे) पदवीधर मोठ्या संख्येने आहेत, आणि आधुनिक औषधे त्यांनी कोणत्या मर्यादेत वापरावीत हा वादाचा दुसरा पदर आहे.

माझे मत असे आहे की आपल्या अंतरांना गाडीत निर्णय घेऊ शकणारा माणूस लागतो, कारण मेळघाटातील किंवा एटापल्लीकडील रस्त्यावर नेटवर्क गेले की फोनवरचा डॉक्टर नाहीसा होतो. मात्र पदवी म्हणजे कौशल्य नव्हे. वर्षभर अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) हातात न धरलेल्या डॉक्टरपेक्षा रोज ती वापरणारा तंत्रज्ञ रुग्णाच्या अधिक कामाचा आहे, हे आपण डॉक्टरांनी मान्य करायला हवे. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञांना स्वतंत्र व्यवसायाची मान्यता दिली आहे. त्यामुळे त्यांना “कंपाउंडर” म्हणून हाक मारणे आता तरी थांबावे. डॉक्टर असो वा तंत्रज्ञ, ठरवून दिलेल्या प्रोटोकॉलच्या बाहेरचे औषध नियंत्रण कक्षातील डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊ नये, आणि बोलणे झाले असेल तर वेळेसह नोंदवावे.

४. जागेवर उपचार करत बसावे, की रुग्णाला उचलून लगेच निघावे?

आजार कोणता आहे त्यावर हे ठरते. पोटात किंवा छातीत रक्तस्राव होत असेल तर त्याचा उपचार शस्त्रक्रियागृहात आहे. जागेवर सलाइनसाठी शीर शोधत दहा मिनिटे घालवणे म्हणजे रुग्णाची दहा मिनिटे खर्च करणे होय. बाहेर वाहणारे रक्त दाबून थांबवावे, श्वासमार्ग मोकळा करावा आणि निघावे. बाकीचे चालत्या गाडीत करावे.

याच्या उलट काही प्रसंगी घाई घातक ठरते. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरी, नागपूर या पट्ट्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि उष्माघाताचा रुग्ण वावरात पडलेला सापडतो. त्याला आधी थंड करावे आणि मग हलवावे. विहिरीच्या मोटरचे पाणी अंगावर सोडणे, ओले कापड टाकून वारा घालणे, हा तेथील सर्वांत महत्त्वाचा उपचार आहे. फवारणीच्या विषबाधेत लाळ आणि कफ यांनी रुग्ण अक्षरशः आतून बुडत असतो; सक्शन (यंत्राने कफ ओढून काढणे), ऑक्सिजन आणि ॲट्रोपिनची सुरुवात जागेवरच हवी, विष लागलेले कपडे काढून अंग साबणाने धुवायला हवे, आणि ते करताना स्वतःच्या हातांत मोजे हवेत. बाळाचे डोके दिसू लागले असेल तर गाडी बाजूला घेऊन थांबवावी. धावत्या गाडीत, एका हाताने दांडी धरून प्रसूती करू नये.

५. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबायचे, की थेट जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे?

“जवळचे” आणि “योग्य” हे दोन शब्द एकत्र वाचायचे आहेत. डोक्याला मार लागून बेशुद्ध झालेल्या रुग्णाला जेथे सीटी स्कॅन नाही अशा दोन ठिकाणी थांबवत नेण्यात अर्थ नसतो. मात्र श्वासमार्ग हातात राहत नसेल तर पहिल्या दारात थांबणेच योग्य.

सर्पदंशाचे गणित वेगळे आहे, आणि येथे आपल्याकडे सर्वाधिक चुका होतात. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष चालते, आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रातही ठेवलेले असणे अपेक्षित आहे. विषबाधेची लक्षणे दिसत असतील तर सुरुवातीच्या दहा कुप्या जवळच्या केंद्रात सुरू करून मग पुढे नेणे हे त्या कुप्यांशिवाय नव्वद किलोमीटर धावण्यापेक्षा कितीतरी बरे. “रिॲक्शन आली तर?” या भीतीने रुग्णाला जसाच्या तसा रेफर करण्याची सवय अनेक ठिकाणी आहे. रिॲक्शन येऊ शकते, म्हणून ॲड्रेनालिन भरून हाताशी ठेवावे. उपचार टाळू नये.

मण्यारीबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दंशाची खूण पुष्कळदा दिसत नाही, आणि पहाटे पोटदुखीची केस म्हणून कॉल येतो. पापण्या जड होत असतील तर पोटदुखीवर विश्वास ठेवू नका. श्वास मंदावला तरी अंबू बॅगने तो चालू ठेवता येतो, आणि हाताने दिलेल्या त्या श्वासांवर माणूस दोन तासांचा प्रवास करून वाचतो. घट्ट आवळलेली दोरी आढळली तर ती एकदम तोडू नये. शिरेत सुई लावून, श्वासाची तयारी ठेवून हळूहळू सैल करावी.

कोणी “बेड नाही” म्हणून दारातूनच परत पाठवत असेल तर पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यातील १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय माहीत असावा. तातडीचा उपचार नाकारणे हा शासकीय रुग्णालयाने केलेला जीविताच्या हक्काचा भंग आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. वाद न घालता नियंत्रण कक्षाला कळवावे आणि नाकारणाऱ्याचे पद व वेळ फॉर्मवर लिहावी.

६. नातेवाईक खासगी रुग्णालयाचा आग्रह धरतात. काही रुग्णालये “केस आणा, समजून घेऊ” म्हणतात. काय करावे?

आग्रहाबाबत: कोणते रुग्णालय योग्य आहे आणि तेथे खर्च किती येऊ शकतो हे मोकळेपणाने सांगावे, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते रुग्णालय आहे का हे विचारण्यास सुचवावे, आणि निर्णय नियंत्रण कक्षाला कळवून नोंदवावा. “समजून घेण्या”बाबत: पैसे घेऊ नयेत, कोणत्याही रूपात. वावर गहाण टाकून बिल भरणाऱ्या कुटुंबाकडूनच शेवटी ते पैसे वसूल होतात.

७. रुग्ण गाडीत बसायला नकार देतो, किंवा घरचे आधी भूमकाकडे (गावातील मांत्रिक-वैदूकडे) नेऊ म्हणतात. जबरदस्ती करता येते का?

सज्ञान, शुद्धीवर असलेल्या आणि परिणाम समजू शकणाऱ्या माणसाला उपचार नाकारण्याचा अधिकार आहे. त्याच्या भाषेत धोका समजावून सांगणे, साक्षीदारासमोर त्याची सही किंवा अंगठा घेणे आणि पुन्हा फोन करता येईल हे सांगणे, एवढे आपले कर्तव्य. कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलणाऱ्या घरात मराठीतून दिलेला इशारा म्हणजे समजावणे नव्हे. आशाताईंना किंवा शाळेत जाणाऱ्या मुलाला सोबत घ्यावे. रुग्ण बेशुद्ध असेल आणि संमती देणारे कोणी जवळ नसेल, तर त्याच्या हितासाठी सद्भावनेने केलेल्या कृतीला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० चे संरक्षण आहे. गोंधळलेला, झिंगलेला किंवा साखर उतरलेला रुग्ण “नको” म्हणत असेल तर तो नकार पुरेसा नाही. आधी साखर तपासावी.

भूमकाशी भांडून मी आजवर एकही रुग्ण गाडीत आणू शकलेलो नाही. त्याला नमस्कार करून, “तुमचं गाडीत करा, पण गाडी आता निघू द्या” असे म्हणून अनेक आणले आहेत. लहान मुलाचा जीव धोक्यात असेल आणि घरचे अडून बसले असतील, तर सरपंच, पोलीस पाटील आणि ११२ यांची मदत घेण्यास कचरू नये.

८. विष घेतलेल्या रुग्णाच्या घरचे “फवारताना लागलं” म्हणतात. कागदावर काय लिहायचे?

जे सांगितले ते “नातेवाइकांच्या सांगण्यानुसार” असे म्हणून लिहावे, आणि जे दिसले ते वेगळे लिहावे: तोंडाला येणारा वास, बाहुल्यांचा आकार, कपड्यांवरील औषध, जवळ सापडलेली बाटली. “आत्महत्येचा प्रयत्न” असा निष्कर्ष आपण लिहायचा नसतो. बाटली किंवा निदान तिचे लेबल सोबत न्यावे, कारण उपचार औषधाच्या घटकावर ठरतात. मीठपाणी पाजून उलटी काढू देऊ नये. विष फुप्फुसात जाते.

घरचे खोटे बोलतात त्यामागे बहुधा “केस होईल” ही भीती असते. ती कमी करणे आपल्या हातात आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते आणि तिच्यावर त्या कृत्यासाठी खटला चालवला जात नाही. हे दोन वाक्यांत सांगितले की पुष्कळदा खरी माहिती मिळते, किती प्यायले आणि केव्हा हेही कळते. वैद्यकीय-कायदेशीर नोंद होईल, पण ती शिक्षेसाठी नाही, हेही सांगावे.

दुसरी बाजूही विसरू नये. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करतानाच अनेक शेतकरी व मजूर दगावले. “फवारताना लागलं” हे नेहमीच खोटे असते असे मानणारा माणूस अशा मजुरांवर दुहेरी अन्याय करतो.

९. अपघाताच्या ठिकाणी पोलीस येईपर्यंत थांबायचे का? मदत करणाऱ्या गावकऱ्याला सोबत न्यावे लागते का?

दोन्हींचे उत्तर नाही. उपचार आधी आणि कागदपत्रे नंतर, हे परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्येच सांगितले आहे. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ चे संरक्षण आहे, आणि इच्छा नसेल तर त्याला नाव-पत्ता देण्याचीही सक्ती नाही. मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींना सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचार देण्याची केंद्र सरकारची योजना लागू आहे. नातेवाइकांना रुग्णालयात त्याविषयी विचारायला सांगावे.

१०. आम्ही पोहोचण्यापूर्वीच मृत्यू झाला असेल तर?

शंका असेल तर पुनरुज्जीवन सुरू करावे. देह ताठरला असेल, तर नोंदणीकृत डॉक्टरनेच मृत्यू झाल्याचे सांगावे. तंत्रज्ञाने किंवा पायलटने ते बोलू नये. १०८ ची गाडी मृतदेहासाठी नसते, कारण ती गुंतली की पुढच्या रुग्णाला गाडी उरत नाही. हे नियम म्हणून बरोबर आहे, पण दुर्गम गावात शववाहिका मिळत नसताना ते तोंडावर फेकून निघून जाणे मला कधी जमले नाही. ग्रामपंचायतीला किंवा तालुका रुग्णालयाला फोन लावून देण्याएवढा वेळ काढावा. वाटेत मृत्यू झाला तर मात्र देह आपल्याच गाडीतून रुग्णालयापर्यंत न्यायचा. तो रस्त्यात उतरवायचा नसतो.

११. सायरन लावला की सिग्नल आणि वेगमर्यादा माफ असतात का?

सायरन ही वाट मागण्याची विनंती आहे, समोरच्याने ती ऐकली याची हमी नव्हे. वाट न देणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ई नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते, पण त्यामुळे पायलटची काळजीपूर्वक चालवण्याची जबाबदारी कमी होत नाही. रात्री खेड्यांच्या रस्त्यांवर बैलबंडी आणि दिवे नसलेली ट्रॅक्टर ट्रॉली असते. वेगाने चार मिनिटे वाचतात. एका उलटलेल्या गाडीने तालुका महिनाभर उघडा पडतो. स्थिर रुग्णासाठी सायरन लावूच नये.

१२. सलग ड्युटी झाल्यावर पायलटला झोप येत असेल तर कॉल नाकारणे हा कर्तव्यभंग ठरतो का?

माझ्या मते झोपेत गाडी चालवणे हा मोठा भंग आहे. नियंत्रण कक्षाला स्पष्ट कळवावे, वेळ नोंदवावी, दुसरी गाडी मागावी. न सांगता फोन बंद ठेवणे मात्र अक्षम्य आहे. बदली माणूस न देता एकाच पायलटकडून दोन पाळ्या करून घेणाऱ्या व्यवस्थेने ही जबाबदारी त्याच्या एकट्याच्या डोक्यावर टाकू नये, हे आपण डॉक्टरांनीच लेखी मांडायला हवे. पायलटचा आवाज वरपर्यंत पोहोचत नाही.

१३. जमाव अंगावर आला तर रुग्णाला सोडून निघता येते का?

स्वतः जखमी झालेला कर्मचारी कोणालाच वाचवू शकत नाही, म्हणून मागे हटून ११२ ची मदत मागणे योग्यच आहे. मात्र जेथवर थांबता येईल तेथवर गाडी नजरेच्या टप्प्यात ठेवावी आणि पोलीस येताच परतावे. आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ला हा महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. राग बहुधा गाडी उशिरा आल्याचा असतो. निघालो तेव्हाच “चाळीस मिनिटे लागतील” असे खरे सांगितलेले असेल तर तो बराच कमी होतो. “पाच मिनिटांत येतो” हे वाक्य अर्ध्या भांडणांचे मूळ आहे.

१४. रुग्णाचा फोटो किंवा व्हिडिओ ग्रुपवर टाकता येतो का?

नाही. सल्ल्यासाठी दंशाचा किंवा ईसीजीचा फोटो संबंधित डॉक्टरला पाठवावा, चेहरा व नाव येऊ देऊ नये, आणि नंतर पुसावा. गाडीत झालेल्या बाळंतपणाचा आनंदाचा फोटोही आईला न विचारता टाकू नये.

१५. नाल्याला पूर आहे, गाडी पलीकडे जाऊ शकत नाही. आमची जबाबदारी तेथेच संपते का?

संपत नाही, तिचे स्वरूप बदलते. पर्लकोटा नदीच्या पुराने गडचिरोलीतील भामरागडचा संपर्क कित्येक पावसाळ्यांत तुटलेला आहे, आणि मेळघाटातही लहान नाले तासन्‌तास रस्ता अडवतात. वाहत्या पाण्यात गाडी घालू नये. अलीकडच्या काठावर स्ट्रेचर, ऑक्सिजन आणि औषधे घेऊन उभे राहावे, फोनवरून सूचना देत राहावे, आणि गावकरी खाटेवरून किंवा डोंग्यातून रुग्णाला आणणार असतील तर कुशीवर कसे ठेवायचे, पाय कसे बांधायचे हे सांगावे. गरोदर मातेसाठी पावसाळ्यापूर्वीच आशाताईंशी बोलून तारखेच्या आधी आरोग्य केंद्राजवळच्या माहेरघरात (प्रसूतीपूर्वी राहण्याच्या सोयीत) आणणे हा यावरचा खरा उपाय आहे.

१६. गाडीत रुग्ण असताना वाटेत दुसरा अपघात दिसला तर थांबायचे का?

मला सर्वांत जास्त वेळा आलेला हा प्रश्न आहे. गाडीतील रुग्णाबाबतची बांधिलकी पहिली. प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे तो स्वीकारला जाईपर्यंत आपला आहे. तो अस्थिर असेल, श्वास आपल्या हातांनी चालू असेल, तर थांबू नये. गाडी न थांबवता नियंत्रण कक्षाला ठिकाण कळवावे आणि खिडकीतून लोकांना तसे ओरडून सांगावे. तो स्थिर असेल तर त्याला आणि त्याच्या नातेवाइकांना सांगून दोन-तीन मिनिटे थांबता येते. तेवढ्यात रक्त दाबून धरायला एखाद्याला शिकवावे, बेशुद्ध माणसाला कुशीवर वळवावे आणि दुसरी गाडी मागवावी. दोघांनाही नेणे शक्य आहे का, हे ऑक्सिजन किती उरला आहे आणि मागे हात किती आहेत यावर ठरते. एका डॉक्टरला दोन अस्थिर रुग्ण सांभाळता येत नाहीत.

दारव्ह्याच्या रस्त्यावर एकदा असेच झाले. आमच्या गाडीत पाय मोडलेल्या आजीबाई होत्या, आणि समोर मोटरसायकलवरून पडलेला मुलगा. मी विचारण्याआधीच त्या म्हणाल्या, “थांब बाबू, माह्या पायाले काही होत नाही.” आम्ही त्यांना खुर्चीच्या बाजूच्या बाकावर पाय बांधून नीट टेकवले, मुलाला स्ट्रेचरवर घेतले, आणि थांबल्याची व निघाल्याची वेळ दोन्ही फॉर्मवर टाकली. आजींची संमतीही लिहिली.